मागचे ब्रेकपॅड घरी बदलताना

मैत्रिणींनो, आधी मागच्या चाकांना डिस्क आहे ना ते बघा. पुष्कळ लहान गाड्यांना मागे ड्रमच असतो, त्याचं काम निराळं. हँडब्रेक बटणाचा असेल तर सरळ मेकॅनिक गाठा. दांड्याचा असेल तर पुढच्या चाकांना विटा लावून मगच तो सोडा. नुसत्या जॅकवर विसंबू नका बाई, खाली स्टँड हवाच! मागचा पिस्टन बहुधा दाबून जात नाही, फिरवत फिरवत आत न्यावा लागतो. आमच्याकडे रेटारेटीत त्याचं रबर फाटलं अन् खर्च दुप्पट झाला. दोन्ही बाजूंचे पॅड एकदमच बदला. पॅडला तेलकट हात नको. आणि गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा, नाहीतर फाटकापाशी पहिला ब्रेक लागायचाच नाही.