मालदीवला निघण्यापूर्वी

मैत्रिणींनो, लग्नाला पंचवीस वर्षं झाली की पूर्वी महाबळेश्वर, फार तर काश्मीर. आता मुलं कमावती झाली की म्हणतात, "आई, या वेळी तुम्ही दोघं मालदीवला जाऊन या." आपण तोंडानं "कशाला उगीच खर्च!" म्हणतो, पण मनातून हरखतोच. हो की नाही? मीही हरखले होते. त्या भरात चार गोष्टी विचारायच्या राहिल्या आणि त्यांची किंमत मोजावी लागली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून आजचा हा लेख.

आधी विमानाची वेळ पाहा

मालदीव म्हणजे समुद्रात विखुरलेली सुमारे बाराशे बेटं. तिथं बहुतेक रिसॉर्टचं स्वतःचं वेगळं बेट असतं. मालेजवळच्या विमानतळावर उतरलात म्हणजे पोहोचलात असं नाही. पुढं स्पीडबोटीनं किंवा पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानानं जावं लागतं. हे छोटं विमान फक्त उजेडी उडतं. दुपारी साडेतीन-चारनंतर तुम्ही मालेला उतरलात, तर बहुधा ते त्या दिवशी मिळत नाही.

आमचं नेमकं असंच झालं. तिकीट काढून देणाऱ्यानं संध्याकाळी पाचला पोहोचणारं विमान दिलं. आम्हीही पाहिलं नाही. ती रात्र हुळुमालेच्या हॉटेलात, वेगळे पैसे भरून काढली. आणि रिसॉर्टचं त्या रात्रीचं भाडं गेलं ते गेलंच. म्हणून तिकीट सकाळी पोहोचणारं काढा. रिसॉर्ट ठरवतानाच विचारा, "विमानतळापासून पुढं कसं न्यायचं, आणि त्याचे पैसे यात धरलेत का?" छोट्या विमानात सामानही साधारण वीस किलो आणि हातातलं पाच किलो एवढंच चालतं. लाडवांचे डबे त्या हिशेबानं भरा!

अधिकच्या दोन खुणा

दरपत्रकात आकड्यापुढं अधिकच्या दोन बारीक खुणा असतील, तर सावध. त्यांचा अर्थ, सेवाशुल्क आणि कर वेगळे. सेवाशुल्क दहा टक्के, आणि त्या बेरजेवर कर. जुलै २०२५ पासून तो १७ टक्के आहे. म्हणजे शंभर डॉलरचे जवळजवळ १२९ होतात. शिवाय जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये माणशी, दर रात्री १२ डॉलर पर्यावरण कर आहे. दोघांचे चार रात्रींचे ९६ डॉलर झाले की नाही? शहाळं, चहा, जेवण, सगळ्याला हाच हिशेब. म्हणून तिन्ही वेळचं जेवण धरलेला दर घेतलेला बरा. बेटावर कोपऱ्यावरचं दुकान नसतं, बरं का! निघण्यापूर्वी आपलं कार्ड परदेशात चालण्यासाठी बँकेकडून सुरू करून घ्या.

कागदपत्रं आणि देवघर

भारतीयांना तिथं आधी व्हिसा काढावा लागत नाही. पोहोचल्यावर तो विनामूल्य मिळतो. मात्र परतीचं तिकीट आणि राहण्याची सोय झाल्याचा कागद जवळ हवा. प्रवासाआधीच्या ९६ तासांत ‘इमुगा’ नावाचा सरकारी फॉर्म मोबाइलवर भरायचा, परत निघतानाही भरायचा. तो फुकट आहे. पैसे मागणाऱ्याच्या नादी लागू नका.

आणि एक महत्त्वाचं. पर्समध्ये छोटा गणपती किंवा बाळकृष्ण घेऊन प्रवास करण्याची आपल्यापैकी अनेकींना सवय असते. मालदीवमध्ये पूजेच्या मूर्ती नेण्यास मनाई आहे. दारू, डुकराच्या मांसाचे पदार्थ आणि ई-सिगारेटही चालत नाहीत. तपासणीत मूर्ती काढून ठेवावी लागली, तर सगळ्या सहलीभर मनाला रुखरुख लागेल. त्यापेक्षा देव चार दिवस शेजारच्या काकूंकडे द्या आणि नमस्कार मनातल्या मनात करा. रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा.

ताटात काय आहे?

न्याहारीला ओल्या खोबऱ्याच्या कोशिंबिरीसारखा एक पदार्थ दिसेल, शेजारी पोळीसारखी रोशी. पाहून जीव सुखावतो. पण शाकाहारी असाल तर हात आवरा! ती मासहुनी, खोबरं, कांदा, मिरची आणि ट्यूना मासा. तिथल्या आमटी-भाजीतही सुक्या ट्यूनाचा तुकडा असू शकतो. नुसतं "नॉनव्हेज नको" म्हणून भागत नाही. "मासाही नको, माशाचं पाणीही नको" असं खुलासेवार सांगा. आधी कळवलं तर बहुतेक ठिकाणी वरणभाताची सोय करतात. तरी मेतकूट आणि चटणीची पुडी असू द्यावी.

आता मुख्य गोष्ट: पाण्यात उतरा

पहिले दोन दिवस मी काय केलं असेल? सुती साडी नेसून किनाऱ्यावर बसले, आणि ह्यांचा टॉवेल, चष्मा, घड्याळ सांभाळलं. जे जुहूला केलं, गणपतीपुळ्याला केलं, तेच परदेशात! तिसऱ्या दिवशी तिथली मदतनीस मुलगी लाइफ जॅकेट घेऊन आली. मला पोहता येत नाही म्हटलं, तर म्हणाली, "म्हणूनच तर आणलंय." कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून चष्म्यातून खाली पाहिलं. निळ्या-पिवळ्या माशांचा थवा पायांजवळून गेला. पंचवीस वर्षांत पाण्याच्या आत काय असतं हे मी पाहिलंच नव्हतं. आणि हाती उरला होता एकच दिवस!

तेव्हा तयारी घरूनच करा. साडी आणि ओढणी पाण्यात जड होतात, पायांत गुंततात, ते धोक्याचं. पूर्ण बाह्यांचा, पायघोळ विजारीचा पोहण्याचा पोशाख मिळतो, तो घ्या. अंग झाकलेलं राहतं आणि उन्हानं भाजतही नाही. माले विषुववृत्तापासून जेमतेम चार अंशांवर आहे. ढगाळ दिवशीही कातडी सोलवटते. उन्हाचं मलम वीस मिनिटं आधी लावायचं आणि दर दोन तासांनी पुन्हा. पायांत रबरी बूट हवेत, कारण प्रवाळ सुरीसारखं कापतं. त्यावर उभं राहू नये, तेही जिवंतच असतं. घरी आणण्यासाठी प्रवाळाचा तुकडाही उचलायचा नाही, कायद्यानं बंदी आहे. खरे दागिने घरीच ठेवा. पाण्यात बोटं आक्रसतात आणि अंगठी कधी निसटते कळत नाही. एकटीनं उतरू नका, आणि उथळ पाणी संपून रंग गडद होतो तिथं जाऊ नका. ओहोळ-प्रवाह कुठं आहेत हे तिथल्या माणसांना आधी विचारा.

लहान नातवंडं बरोबर असतील, तर पाण्यावरच्या खोलीचा हट्ट नको. तिच्या पायऱ्या थेट समुद्रात उतरतात. किनाऱ्यावरची खोली बरी. आणि आपल्याकडे शाळांना मेमध्ये सुटी लागते, तेव्हा तिथं पावसाळा सुरू होतो. डिसेंबर ते एप्रिल हे दिवस कोरडे.

सगळं सामान भरून झालं की शेवटी स्वतःला एक सांगा: या वेळी टॉवेल सांभाळायचा नाही. टॉवेल खुर्चीवर नीट राहतो, मैत्रिणींनो. मी पाहिलंय ना!