चोर टाकीत, फाशी इंजिनाला

परळीतल्या कोणत्याही गॅरेजपुढे जाऊन ‘जुना ट्रॅक्टर गरम झाला की बंद पडतो’ एवढंच सांगा. इंजिन खोला, असा सल्ला देणारे दोघंतिघं तिथल्या तिथे भेटतील. ब्लॉक-पिस्टन गेले, कॉम्प्रेशन उरलं नाही, जुना माल किती दिवस ओढणार, असा निकाल चहा संपायच्या आत लागतो. पुरावा विचारला तर एकच: थंड झाल्यावर तो परत सुरू होतो ना! माझा आक्षेप या पुराव्यालाच आहे. थंड झाल्यावर सुरू होणं यावरून एवढंच सिद्ध होतं की मध्ये काही वेळ गेला.

उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अंबाजोगाई रस्त्यावरच्या बालाघाटाच्या चढाला दम सोडतो, अर्धा तास उभा राहतो आणि मग पहिल्याच सेल्फला सुरू होतो. या अर्ध्या तासात इंजिन निवलं, हे खरं. पण टाकीचं काय झालं, हे कुणी पाहिलं? डिझेल टाकीच्या झाकणाला हवा आत घेण्यासाठी बारीक छिद्र असतं. झाकण उलटं करून पाहा. परळीत औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या टिपरांमागून रोज ये-जा करणाऱ्या ट्रॅक्टरच्या झाकणाला आतून डिझेल आणि धूळ-राखेचा काळा लगदा चिकटलेला सापडतो आणि छिद्र कुठे आहे ते नखाने खरवडल्याशिवाय कळत नाही. हे छिद्र बुजलं की डिझेल खाली जातं, पण त्याच्या जागी हवा येत नाही. टाकीत ओढ तयार होते आणि तासाभरात पंपाला डिझेल कमी पडू लागतं. उभ्या ट्रॅक्टरच्या टाकीत झाकणाच्या कडेने हळूहळू हवा झिरपते, ओढ सुटते, इंजिन परत सुरू होतं. मालक म्हणतो, निवला म्हणून चालला.

टाकीत पडलेल्या पाचटाच्या तुकड्याची किंवा सुटलेल्या गंजाच्या पापुद्र्याचीही हीच तऱ्हा. चालू इंजिनात तो टाकीच्या तोंडाशी ओढला जाऊन बसतो. इंजिन थांबलं की सुटून बाजूला होतो. नळी सोडून पाहणाऱ्या मिस्त्रीला तेव्हा डिझेल धो-धो येताना दिसतं आणि तो म्हणतो, लाइन साफ आहे, इंजिनच बघा.

आता इंजिनाची बाजू. बी-२७५ घ्या, मॅसी १०३५ घ्या, त्या पिढीतलं कुठलंही यंत्र घ्या. त्यात सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही, तापमान वाढलं म्हणून इंजिन आपणहून बंद करणारी कसलीही सोय नाही. एकदा सुरू झाल्यावर त्याला हवा, डिझेल आणि दाब एवढंच लागतं. डिझेल पेटतं तेच दाबलेल्या हवेच्या उष्णतेने. म्हणजे गरम इंजिनात ते पेटायला उलट सोपं. तरीही ते गरम असतानाच बंद पडत असेल तर आधी विचारावं, डिझेल पोचत होतं का?

दुचाकीच्या गॅरेजमधून आलेलं एक निदानही फार फिरतं: कॉइल तापते. अहो, डिझेल इंजिनाला स्पार्क प्लगच नसतो, तिथे कॉइल कसली तापणार! इथेनॉलवर खापर फोडणाऱ्यांनाही तेच उत्तर. ई-२० हे पेट्रोल आहे, ट्रॅक्टर डिझेलवर चालतो.

थर्मोस्टॅट काढून फेका, हा सल्ला मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण तो खरोखर पाळला जातो. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटरला वळसा घालणारी वाटही बंद करतो. तो काढला की बरंचसं पाणी रेडिएटरला न शिवता परत इंजिनात फिरतं, आणि ज्यासाठी काढला ते तापणंच वाढतं. जिथे तसं होत नाही तिथे इंजिन कायम कोमट राहतं, न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि लायनर झिजतो. शंका असेल तर थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाण्यासोबत तापवा. पाणी उकळेपर्यंत उघडला तर परत बसवा, नाही उघडला तर नवा घ्या.

ट्रॅक्टर खरोखरच तापतो, ही गोष्ट मी नाकारत नाही. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं की आत क्षाराचा थर बसणारच. बाहेरून जाळीत राख आणि पाचट अडकतं ते वेगळंच. पाण्यावाचून यंत्र थंड राहत नाही हे परळीकरांना कुणी शिकवायला नको. २०१३ च्या दुष्काळात इथलं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. पण तापणं आणि बंद पडणं या दोन तक्रारी आहेत. तापमानाचा काटा लालमध्ये जातो का, पाणी उसळतं का, हे स्वतंत्रपणे पाहायला हवं. काटाच बंद असेल, आणि जुन्या ट्रॅक्टरवर तो बहुतेक बंदच असतो, तर ‘गरम झाला’ हे तुम्ही बॉनेटला हात लावून ठरवलेलं असतं. उन्हाळ्यात परळीत उभ्या ट्रॅक्टरचं बॉनेटही हाताला चटका देतं.

यावर गॅरेजवाल्याचा नेहमीचा प्रश्न असतो: तीस वर्षं हेच करतोय, मला कळत नाही का? कळतं. पण त्याच्यापुढे ट्रॅक्टर येतो तो निवून आलेला असतो. रोग चढावर होतो आणि तपासणी सावलीत. म्हणून पहिला साक्षीदार ड्रायव्हरच. बंद पडताक्षणी त्याने टाकीचं झाकण सैल करावं. ‘सूंऽ’ करून हवा आत गेली आणि इंजिन लगेच सुरू झालं तर काम तिथेच संपलं. बंद पडताना काळा धूर होता का, हेही त्यानेच सांगायचं. काळा असेल तर हवा कमी पडतेय किंवा ओझं जास्त होतंय, एअर क्लीनर पाहा. धूर नाहीसा होत होत इंजिन गळालं असेल तर डिझेल तुटतंय. मग फीड पंपाची जाळी, फिल्टर आणि रबरी नळी तपासायची. जुनी नळी तापली की मऊ पडून ओढीने आतून चिकटते किंवा सांध्यातून हवा घेते, आणि गार असताना ठणठणीत दिसते. खात्री करायची तर स्वच्छ डिझेलचा छोटा कॅन पंपापेक्षा उंच आणि सायलेन्सरपासून लांब बांधा, वेगळ्या नळीने फिल्टरला जोडा, एअर काढा आणि तोच चढ चढा. चढला, तर टाकी ते फिल्टर या दरम्यानच चोर आहे.

कॅन लावूनही बंद पडला, तर पंपाकडे वळायचं. पंपातल्या एलिमेंटची फट मिलिमीटरच्या काही हजारांश एवढीच असते. ती झिजली की गरम, पातळ झालेलं डिझेल दाब न घेता मागे गळतं. सेल्फच्या मंद फेऱ्यांत तर नोझल उघडण्याइतकाही दाब होत नाही. गरम इंजिन सेल्फवर गरगर फिरतं पण पेटत नाही, आणि पंपावर ओला फडका ठेवून थोडं थांबलं की पेटतं, हे झिजलेल्या पंपाचं लक्षण. फडकाच ठेवायचा, तापलेल्या पंपावर बादली उपडी केली तर एलिमेंट जाम होण्याची भीती असते. असा पंप टेस्ट बेंच असलेल्याकडेच द्यावा, स्क्रू पिळून डिझेल वाढवणाऱ्याकडे नाही.

इंजिन खोलायचंच असेल तर त्याचीही लक्षणं आहेत. ब्रीदरमधून वाफेसारखा धूर जोरात येणं, ऑइल पिणं, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणं, किंवा बंद पडल्यावर सेल्फने फेरासुद्धा न मारणं. शेवटचं दिसलं तर परत परत सेल्फ मारू नका, इंजिन जाम होतंय. यातलं काहीच नसताना ऐन गाळपात इंजिन खोललं, तर ट्रॉल्या भरून उभ्या राहतात, ऊसतोड टोळी बसून खाते, आणि नवे ब्लॉक-पिस्टन घातलेला ट्रॅक्टर त्याच चढाला तासाभराने परत उभा राहतो, कारण झाकण जुनंच असतं.