होडीच्या इंजिनाची धोक्याची घंटा

गोव्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या काठाला लागतात, जाळी विणली जातात आणि इंजिने उघडली जातात. अशाच एका रविवारी, मिस्सा आटोपल्यावर, एक वयस्क तांडेल आमच्या भेटीस आले. त्यांच्या हाती रबरी नळीचा एक तुकडा होता, आतून जळून कोळसा झालेला.

"फादर, होडी बुडायचीच राहिली," ते म्हणाले. "पण उष्णतेचा काटा तर शेवटपर्यंत ठीक दाखवीत होता! मालक आता घंटा बसवू म्हणतात. कोणती घ्यावी?"

काटा खोटे बोलत नव्हता. तो उशिरा बोलतो इतकेच. इंजिनातून निघणारा धूर कित्येकशे अंश तापलेला असतो. समुद्राचे पाणी त्यात सोडून तो निववितात, म्हणूनच पुढे रबरी नळी चालते. गाळणीवर प्लास्टिकची पिशवी बसली, अथवा पंपातील रबरी पंखा तुटला, की हे पाणी थांबते. इंजिनाच्या आतील पाणी तापून काटा चढावयास वेळ लागतो; नळी मात्र त्याआधीच जळू लागते. चांगल्या प्रतीच्या नळीनेदेखील पाण्यावाचून २ मिनिटे तग धरावा, एवढीच अपेक्षा असते. नळी फुटली की विषारी धूर होडीत भरतो. आग लागते, आणि बाहेरचे पाणीही आत शिरू शकते.

यासाठी घंटेचा कान त्या नळीवरच हवा. एका प्रकारात पट्टा नळीला बाहेरून आवळतात. भोक पाडावे लागत नाही. दुसऱ्यात सळई आत घालतात. ती लवकर जागी होते, परंतु भोक पाडावे लागते व खारे पाणी तिला खाते. तिसरा प्रकार पाण्याचा प्रवाहच तपासतो. त्यात कचरा अडकण्याचे भय असते. साध्या होडीसाठी आम्ही पट्ट्याचाच प्रकार सुचविला. पाणी जेथे धुरात मिसळते, त्याच्या लगेच पुढे तो बसवावा. अशी अनेक यंत्रे ७४ अंशांच्या सुमारास वाजतात.

घेताना चार गोष्टी पाहाव्यात. बॅटरी १२ व्होल्टची की २४ ची, त्याप्रमाणे यंत्र असावे. आवाज इंजिनाच्या घरघरीवर मात करणारा असावा. तांडेलाचे डोळे जाळ्यावर असतात, म्हणून नुसता दिवा पुरत नाही. इंजिनाच्या चावीबरोबर ते आपोआप सुरू व्हावे. तपासणीचे बटणही असावे. बसविण्यापूर्वी पट्टा उकळत्या पाण्यात बुडवून घरीच परीक्षा घ्यावी. मात्र ज्या होडीचा धूर कोरड्या लोखंडी नळाने वर जातो, अथवा जिला बाहेरून मशीन लावलेले असते, तिला ही घंटा लागू नाही.

घंटा वाजताच इंजिन मंद करून बंद करावे, खडक जवळ असल्यास नांगर टाकावा आणि मग गाळणी पाहावी.

तांडेल उठता उठता म्हणाले, "फादर, एका होडीवर घंटा होती. सारखी वाजते म्हणून पोरांनी तारच उपटली." आम्ही गप्प राहिलो. त्या पोरांना पाण्याच्या अडथळ्याचा नव्हे, आवाजाचा त्रास झाला होता.

आमच्या आत परमेश्वराने ठेवलेली सदसद्विवेकबुद्धीही अशीच ओरडते. पहिल्या दिवशी ती कर्कश वाटते. तार उपटली की सुखाची शांतता होते. नळी मात्र जळतच असते. दहा कुमारिकांच्या दाखल्यातील शहाण्या पाचजणींनी तेल आधीच घेतले होते, मध्यरात्री नव्हे. ऑगस्टमध्ये होडी निघण्यापूर्वी घंटेचे बटण एकदा दाबून पाहा, आणि त्याच रात्री, रोझरीनंतर, दुसऱ्या घंटेचेही. काठावर वाट पाहणाऱ्या आईला दोन्हींचा आधार आहे.