शेजारी सापडला, घर नव्हे



'गुणसूत्रावर खूण सापडली म्हणजे रोगाचे जनुक सापडले' हे मागील अंकातील पत्रातले विधान पटले नाही. डीएनएवरची खूण (मार्कर) ही जनुकाची शेजारीण. हंटिंग्टन आजाराची खूण 1983 मध्ये चौथ्या गुणसूत्रावर मिळाली, पण जनुक हाती यायला 1993 उजाडले.

सिकलसेलचेच पाहा. 1978 मध्ये कान आणि डोझी या संशोधकांना 11व्या गुणसूत्रावर, बीटा-ग्लोबिन जनुकाजवळ अशी खूण दिसली. अमेरिकेतील कृष्णवर्णीय रुग्णांत ती बहुतेकदा सिकल जनुकासोबत असे. भारतात मात्र ती जोडी जुळत नाही. आपल्याकडील सिकल जनुकाची आनुवंशिक पार्श्वभूमी वेगळी, 'अरब-भारतीय' म्हणून ओळखली जाणारी. त्या खुणेवर विसंबलो असतो तर झाबुआ, अलीराजपूर, नंदुरबारचे वाहक निसटलेच असते! (नकाशे आयात करून चालत नाहीत, ते असे.)

म्हणूनच 1 जुलै 2023 रोजी शहडोलहून सुरू झालेल्या सिकलसेलविरोधी राष्ट्रीय मोहिमेत थेट रक्तातले हिमोग्लोबिन तपासतात. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात मुलाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणून मागील पत्राच्या लेखकांनी लग्नाआधी वाहक-तपासणी करण्याबद्दलही लिहावे, ही विनंती.

— एक वाचक, विजय नगर, इंदूर