हाव नडली म्हणे!

वर्षभर एक वाक्य ऐकून कान किटले आहेत. 'लोकांची हाव नडली, दुसरं काय!' कुठली तरी पतसंस्था बुडते, कुठल्या तरी मल्टिस्टेट पतसंस्थेच्या शटरला कुलूप लागतं, ठेवीदार तहसील कचेरीसमोर मांडव टाकून बसतात आणि त्या मांडवाचा कपडा उन्हानं विटायच्या आत टपरीपासून वाहिनीवरच्या चर्चेपर्यंत सगळीकडे निकाल लागलेला असतो. हाव. जरा शिकलेली मंडळी तेच वाक्य इस्त्री करून म्हणतात, 'आपल्याकडे अर्थसाक्षरताच नाही हो.'

दोन्हींचा अर्थ एकच. संचालकांनी कर्जं कुणाला वाटली, लेखापरीक्षकानं अहवालात काय लिहिलं, निबंधक कार्यालयात तो अहवाल कुणी उघडला, हे विचारायचं नाही. ज्याचे पैसे गेले त्यालाच विचारायचं, बाबा रे, तू तिथे गेलासच का? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

संपादकीयात वर्षाचा आढावा घ्यायची पद्धत आहे, तर तो उरकून घेऊ. २०२५ च्या अर्थसंकल्पानं नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त केलं. सोनं तोळ्यामागे लाखाच्या पलीकडे गेलं आणि लग्नघरात हिशेबाच्या वह्या पुन्हा उघडल्या. अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के आयातशुल्क लादलं. २२ सप्टेंबरला जीएसटीचे टप्पे कमी झाले, आणि त्याच महिन्यात मराठवाड्यात पावसानं पीक तर नेलंच, खालची मातीही नेली. या सगळ्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचं आहे ते ज्या बातमीचं जवळजवळ सगळीकडे स्वागतच झालं तिच्याबद्दल. फेब्रुवारी ते जून या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आणला. गृहकर्जाचा हप्ता उतरणार म्हणून मथळे सजले. ते खरंच आहे. पण कर्जाचा दर उतरतो तेव्हा मागोमाग ठेवीचाही उतरतो, आणि ठेवीवर घर चालवणाऱ्या माणसाचा मथळा कुणी केला नाही.

साधा हिशेब आहे. निवृत्तीचे २० लाख मुदत ठेवीत आहेत असं धरा. व्याज एका टक्क्यानं उतरलं की वर्षाला २० हजार गेले, म्हणजे महिन्याला सोळाशे-सतराशे रुपये. ज्याला पेन्शन नाही, मुलगा पुण्यात स्वतःच्याच हप्त्यांनी वाकलेला आहे, रक्तदाब-साखरेच्या गोळ्या सुटत नाहीत, त्याच्यासाठी हा आकडा म्हणजे औषधवाल्याचं बिल. तो काय करणार? जिथे दीड-दोन टक्के जास्त मिळतात तिथे जाणार. या दीड-दोन टक्क्यांना हाव म्हणणाऱ्यांनी आपल्या घरात 'डीए'च्या थकबाकीची वाट कशी पाहिली जाते ते एकदा आठवावं.

आणि तो जातो कुठे? अंधाऱ्या गुत्त्यात नाही. एसटी स्टँडासमोर, सराफाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर, काचेचं दार असलेल्या गार ऑफिसात. भिंतीवर संस्थापक चेअरमनचा हार घातलेला फोटो, त्याशेजारी आमदारसाहेबांच्या हस्ते झालेल्या उद्घाटनाचा फोटो. दाराशी फलक: 'ज्येष्ठ नागरिक, विधवा व माजी सैनिकांना अर्धा टक्का जादा.' काउंटरवरची मुलगी आपल्याच आळीतली, तिच्या आईला आपण वहिनी म्हणतो. ती अर्ज भरून देते, चष्मा विसरला असेल तर वाचूनही दाखवते. अर्जांच्या त्या गठ्ठ्यात आणखी एक कागद असतो, 'इथे सही करा काका,' एवढंच सांगून पुढे सरकवलेला. तो असतो नाममात्र सभासदत्वाचा अर्ज.

या कागदापाशी जरा थांबू, कारण सगळी गोम इथेच आहे. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. वाटेल त्याच्याकडून ठेवी घ्यायची मुभा तिला नाही, तिनं सभासदांकडूनच घ्यायच्या. मग वाटेल त्यालाच सभासद करून घेतलं की काम झालं. काका किरकोळ फी भरून नाममात्र सभासद होतात. नाममात्र सभासदाला सहकार कायद्यानं मत नाही, नफ्यात वाटा नाही, चेअरमन निवडण्यात हात नाही. पण संस्था बुडाली की हाच कागद काकांच्या तोंडावर येतो: तुम्ही बाहेरचे ठेवीदार थोडेच, तुम्ही तर सभासद! हक्काच्या वेळी परके आणि बुडायच्या वेळी घरचे. ज्यानं ही सोय शोधली तो अर्थसाक्षर होता यात शंका नाही.

दुसरी गोम विम्याची. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. देश हादरला आणि त्यातून ठेव विम्याचा कायदा आला. १ जानेवारी १९६२ पासून दर ठेवीदारामागे दीड हजार रुपयांचं संरक्षण मिळालं. सहकारी बँका त्या छत्राखाली १९७१ मध्ये आल्या. १९९३ मध्ये मर्यादा एक लाख झाली, आणि मग सत्तावीस वर्षं तिथेच गोठली. भाजी, शिक्षण, दवाखाना, सगळं कुठल्या कुठे गेलं तरी ठेवीचा विमा लाखावरच. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी (पीएमसी) बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढता येतील असं सांगण्यात आलं, मुंबईत माणसं रस्त्यावर आली, तेव्हा कुठे फेब्रुवारी २०२० मध्ये विम्याची मर्यादा पाच लाख झाली. २०२१ च्या दुरुस्तीनं निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे द्यायचं बंधनही आलं. या दोन्ही सुधारणा रांगेत उभ्या राहिलेल्या खातेदारांनी मिळवून दिल्या, त्यांना साक्षरतेचे धडे देणाऱ्यांनी नव्हे.

१३ फेब्रुवारी २०२५ ला न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. तिजोरीतल्या १२२ कोटींच्या अपहाराचं प्रकरण ते. जॉर्ज फर्नांडिस यांनी कामगारांसाठी उभी केलेली ही बँक. तिच्या दारातली दृश्यं आपण पाहिली. पण ती बँक होती, म्हणून विम्याची यंत्रणा हलली, आणि ४ ऑगस्टपासून ती सारस्वत बँकेत विलीन झाली. पुण्याच्या रुपी बँकेच्या खातेदारांना असं नशीब लाभलं नाही. २०१३ पासून निर्बंध, २०२२ मध्ये परवाना रद्द, विम्याच्या मर्यादेत बसणारे सुटले, वरचे अडकले. पीएमसीच्या मोठ्या ठेवीदारांची रक्कम तर दहा वर्षांच्या टप्प्यांत बांधली गेली. सत्तरीतल्या माणसाला दहा वर्षांचे टप्पे! तरीही हे सगळे नशीबवानच म्हणायचे, कारण पतसंस्थेच्या आणि मल्टिस्टेट पतसंस्थेच्या ठेवीला हे छत्रच नाही. पाच लाख नाही, पाच रुपये नाहीत. ठेवी परत मिळवण्यासाठी मग १९९९ चा एमपीआयडी कायदा: गुन्हा, जप्ती, सक्षम प्राधिकारी, विशेष न्यायालय, लिलाव. लिलावाला काढलेल्या जमिनीवर आधीच कुणाचा तरी बोजा निघतो आणि तारखा पडत राहतात. मल्टिस्टेट असेल तर निबंधक दिल्लीत. बीड-जळगावच्या ठेवीदारानं दाद मागायला रेल्वेचं तिकीट काढायचं.

यावर हमखास प्रश्न येतो, की हे लोकांना कळायला नको का? कळायला हवं. पण कळून भागतं का तेही पाहू. सेबीच्या अभ्यासानुसार २०२४-२५ मध्ये शेअर बाजारातल्या एफ अँड ओ व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९१ टक्के तोट्यात गेले. त्यांचा निव्वळ तोटा १ लाख ५ हजार कोटींच्या वर. ही माणसं अडाणी नाहीत. त्यांच्या हातात स्मार्टफोन, डीमॅट खातं, आलेख, आणि ॲप उघडताच समोर येणारी सक्तीची सूचना की दहातले नऊ जण इथे हरतात. सूचना वाचून, 'ओके' दाबून ते हरले. किंवा येस बँक घ्या. मार्च २०२० मध्ये तिचे ८,४१५ कोटींचे एटी-वन रोखे शून्यावर आणले गेले. सेबीच्याच चौकशीत निघालं की हे रोखे सामान्य ग्राहकांना 'सुपर एफडी' म्हणून विकले गेले होते. घेणारे कोण? बँकेत ज्यांना खुर्ची देऊन कॉफी विचारतात असले ग्राहक. त्यांच्याबाबतीत 'दिशाभूल झाली' म्हणायचं आणि पतसंस्थेत ठेव बुडालेल्या गेवराईच्या एखाद्या शिक्षिकेबाबतीत 'हाव नडली', हा भाषेतला भेद मला वर्षभर टोचतो आहे.

हाव नसतेच असं माझं म्हणणं नाही. दादरच्या टोरेस या पुढे बुडालेल्या दागिन्यांच्या दुकानात चमचमते खडे घेऊन दर आठवड्याच्या परताव्याची वाट पाहणाऱ्यांत हाव होती. तिथेही मला जास्त नवल वाटतं ते दादरसारख्या ठिकाणी, भरदिवसा, झगमगीत शोरूम थाटून हे महिनोन् महिने चालू शकलं त्याचं. हातगाडी लावली तर तासाभरात गाडी उचलणारं शहर ते!

आणि सहकाराला झोडपायचाही हेतू नाही. राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात ज्या भाजीवालीला कुणी विचारलं नाही तिला वीस हजार रुपये पतसंस्थेनंच दिले, आणि तिनं ते फेडले. आजही नेकीनं चालणाऱ्या पतसंस्था गावोगाव आहेत, त्यांचे चेअरमन जुन्या स्कूटरवर फिरतात. बुडालेल्यांमुळे यांच्या दारातही लोक पावत्या घेऊन उभे राहतात, हा त्यांच्यावरचा अन्याय आहे.

मधल्या मध्ये चिरडला जातो तो पिग्मी एजंट. दैनंदिन ठेवीची ही कल्पना सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये कर्नाटकात काढली आणि आपल्या बाजारपेठांत ती पतसंस्थांनी रुजवली. संध्याकाळी सहानंतर तो निघतो. गळ्यात पाकीट, हातात पावती काढणारं छोटं मशीन. इस्त्रीवाला पन्नास, रसवंतीवाला शंभर, पानटपरी तीस. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाचं दुकान चालत नाही, हे त्याला चेअरमनच्या आधी कळतं. संस्था बुडते तेव्हा चेअरमनचा फोन लागत नाही, पण एजंटचं घर सगळ्यांना माहीत असतं. कमिशनवर जगणारा हा माणूस, त्याचीही ठेव त्याच संस्थेत अडकलेली, आणि बायाबापड्या त्याच्या ओट्यावर बसून रडतात. त्यानं गावभर तोंड लपवत फिरायचं. कर्ज मंजूर करणारे मात्र पुढच्या निवडणुकीच्या फ्लेक्सवर हात जोडून उभे. पुढे आमच्या प्रतिनिधीनं अशा तिघा एजंटांशी बोलून लिहिलेला लेख आहे. त्यांच्या विनंतीवरून नावं आणि गावं गाळली आहेत.

यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय 'विश्वास' आहे. हा विषय आम्ही जानेवारीत ठरवला तेव्हा डोळ्यासमोर होती ती प्रेमकथा, डॉक्टर आणि रुग्ण, गुरू-शिष्य असली मांडणी, आणि तसे लेख अंकात आहेतही. ठेवीदारांचा विषय त्यात ओढूनताणून बसवला असं कुणाला वाटलं तर वाटू द्या. आमचा वाचक असल्या गोष्टींवरून अंक बाजूला ठेवणारा नाही, हे ठाऊक आहे.

मागणी मोठी नाही. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत शेवटी धाप लागल्यागत का होईना, बाजारातल्या जोखमीचं वाक्य म्हणावं लागतं. सिगारेटच्या पाकिटावर चित्र छापावं लागतं. मग पतसंस्थेच्या ठेव पावतीवर, चेअरमनच्या फोटोइतक्याच ठळक अक्षरांत, 'या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नाही' एवढी ओळ का नको? माझ्या हातात आलेल्या एकाही पावतीवर ती नव्हती. आणि सहकार खात्याला वार्षिक लेखापरीक्षणाचा वर्ग, थकीत कर्जाचं प्रमाण आणि संचालकांच्या नात्यागोत्यात गेलेली कर्जं काचेच्या त्या दारावर मराठीत चिकटवायला लावायला काय हरकत आहे? काकांना ताळेबंद वाचता येत नसेल, पण भावकीतली नावं त्यांना बरोबर वाचता येतात.

हे सरकार करील तेव्हा करील. दिवाळी अंक कशावर निघतात हे वाचकांना सांगायला नको. शुभेच्छांच्या जाहिरातींत पतसंस्था आणि मल्टिस्टेट यांचा वाटा मोठा असतो. ठेवींचे व्याजदर छापणाऱ्या संस्थांना आम्ही यंदा कळवलं, की दराखाली विमा नसल्याची ओळ त्याच टाइपात जाईल, नाहीतर नुसत्या शुभेच्छा छापा. दोन संस्थांनी ओळ मान्य केली, त्यांच्या जाहिराती आत आहेत. काहींनी नुसत्या शुभेच्छा दिल्या, त्यांचे आभार. बाकीच्यांनी जाहिरातच मागे घेतली. त्यामुळे यंदा रंगीत पानं कमी आहेत, व्यंगचित्रांचा विभाग काळ्या-पांढऱ्यात छापला आहे आणि अंकाची किंमत पन्नास रुपयांनी वाढवावी लागली आहे.