बोल्टांचा डबा

आमच्या सुतारकामाच्या वर्गांत एक पत्र्याचा डबा आहे. त्यांत पुष्कळ वर्षांचे खिळे, नट, बोल्ट व वायसर एकत्र नांदत आहेत. बांक मोडला कीं मुलें तो डबा जमिनीवर उपडा करितात व हातीं येईल तो बोल्ट बसवितात. बांकास तें चालतें. परंतु बारामतीहून उडणारीं शिकाऊ विमानें पाहून 'आपणही विमान बांधूं' असें जीं मुलें म्हणतात, त्यांनीं ही संवय आधीं सोडावी, असें माझें मत आहे.

त्यांचें म्हणणें अगदींच हवेंतलें नाहीं. मुंबईस कांदिवलीच्या चारकोप भागांत अमोल यादव यांनीं घराच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधून २०१६ सालीं प्रदर्शनांत मांडलें. परदेशांत तर सुट्या भागांचा संच आणून घरींच विमान जोडण्याची चाल आहे. अशा संचांत हजारों रिव्हेट व बोल्ट क्रमांक छापलेल्या पिशव्यांतून येतात. हौशी मनुष्य पहिल्याच दिवशीं सर्व पिशव्या फोडून माल कप्प्यांच्या पेटींत ओततो आणि पिशव्या केरांत टाकतो. घोटाळा होतो तो येथेंच.

मिसळणाच्या डब्यांत मोहरी व हळद शेजारीं असलीं तरी आपण फसत नाहीं. त्यांस रंग आहे, वास आहे. रिव्हेटची ओळख मात्र फार सूक्ष्म असते. मिश्रधातूच्या बळकट रिव्हेटच्या डोक्यावर बारीकशी खळगी असते. मऊ ॲल्युमिनियमच्या रिव्हेटचें डोकें गुळगुळीत असतें. संध्याकाळच्या उजेडांत हें कोण पाहतो?

ता. १० जून १९९० रोजीं बर्मिंगहॅमहून मालागास निघालेल्या विमानाची पुढची कांच सतरा हजार फुटांवर निखळली. कप्तान कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सोबत्यांनीं धरून ठेविलें म्हणून वांचला. ती कांच नुकतीच बदलली होती. तिच्या ९० बोल्टांपैकीं ८४ बोल्ट इंचाच्या सुमारें २६ सहस्रांशानें बारीक निघाले. बसविणारा नवशिका नव्हता. त्यानें मंद उजेडांत जुन्या बोल्टाशीं नवा नुसत्या नजरेनें ताडून पाहिला होता.

म्हणून पिशवीवरील क्रमांकाचा तुकडा कापून त्याच कप्प्यांत ठेवावा. एका वेळीं एकच पिशवी फोडावी. खालीं पडलेला बोल्ट कोणत्या कप्प्यांतला हें निश्चित सांगतां येत नसेल, तर तो पुनः पेटींत घालूं नये. ही उधळपट्टी आहे असें कोणी म्हणेल. तसे बोल्ट त्यानें खुशाल आमच्याकडे पाठवावे. बांकांस ते नेहमींच कमी पडतात.