मीटर गाळामालकाचा, कर्ज कुणाला?

भोसरी, तळवडे, चाकण इथून या महिन्यात आमच्या संघटनेकडे आलेल्या पत्रांत तक्रार एकच आहे: वीजमीटर गाळामालकाच्या नावावर, म्हणून बँकेने हरित कर्जाची फाइल परत केली.

फोर्जिंगवाल्या एका सभासदाला फर्नेस ऑइलची भट्टी काढून इंडक्शन हीटर बसवायचा आहे. कोटेशन तयार, ऊर्जा-ऑडिट झालेले. बँकेने आधी विचारले, बिल तुमच्या नावाचे का नाही? मग मालकाचे ना-हरकत पत्र मागितले. ते दिले, तर भाडेकरार 11 महिन्यांचा आणि कर्ज 5 वर्षांचे, हे चालणार नाही म्हणून फाइल परत. लांब मुदतीचा करार नोंदवायला मालक तयार नाही. भाडेकरूचा हक्क लागेल ही त्याची धास्ती. बिल हा सभासदच भरतो, त्याची जीएसटीची नोंदणी याच पत्त्यावर आहे, तरी भट्टी आजही तेलावरच आहे. या पट्ट्यात भाड्याचे गाळे काय अपवाद आहेत?

पैसा नाही, असे कुणी सांगू नये. जुलै 2025 मध्ये उद्योगांच्या ऊर्जाबचतीसाठी केंद्राची 1000 कोटींची ‘अदिती’ योजना आली. सूक्ष्म-लघु उद्योगांना व्याजात 5 टक्के, मध्यमांना 3 टक्के सवलत. अट किमान 10 टक्के ऊर्जाबचतीची. फोर्जिंग आणि फाउंड्री दोन्ही योजनेच्या यादीत आहेत. त्याआधी जूनमध्ये आपल्या पिंपरी-चिंचवड महापालिकेने पादचारी-सायकल मार्गांच्या ‘हरित सेतू’ प्रकल्पासाठी 200 कोटींचे हरित रोखे 7.85 टक्के व्याजाने विकले. मागणी पाचपट आली. 2023 मधले 200 कोटींचे रोखे नदी पुनरुज्जीवनासाठी होते. तरी इंद्रायणीवरचा फेस आळंदीला वारकरी पाहतात, आणि सांडपाणी प्रक्रियेसाठी कर्ज मागणाऱ्या प्लेटिंगच्या गाळ्याला पुन्हा हाच मीटर आडवा येतो. नदीकाठ सजवून मासे परत येत नाहीत. नाल्यात जाणारे पाणी गाळ्यातच स्वच्छ व्हावे लागते.

रोख्यांवर केंद्राकडून मिळणाऱ्या प्रोत्साहन निधीतला काही भाग महापालिकेने लघुउद्योगांच्या कर्जहमीसाठी बाजूला काढावा. बँकांनी बिल भरल्याचा पुरावा आणि जीएसटीचा पत्ता ग्राह्य धरावा. यासाठी नवा कायदा लागत नाही.

सभासदांनाही सांगायचे आहे. युरोपचा कार्बन सीमा-कर 1 जानेवारी 2026 पासून खरोखरीचा सुरू झाला आहे आणि नट-बोल्ट त्याच्या कक्षेत आहेत. नगामागे किती युनिट वीज लागते, हे ग्राहकाने विचारले की आपल्यातले अनेक जण अजून अंदाजाने सांगतात. मोजमाप नसेल तर सवलतही नाही आणि ऑर्डरही नाही.

एकेकट्याने फाइल घेऊन फिरणे थांबवा. एका संकुलातल्या गाळ्यांनी मिळून एकच ऑडिटर नेमा आणि बँकेत एकत्र जा. ज्यांची फाइल परत आली आहे, त्यांनी बँकेचे लेखी उत्तर, भाडेकरार आणि 12 महिन्यांची बिले या महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे पाठवावीत. महापालिका आयुक्त आणि जिल्हा उद्योग केंद्रापुढे आम्ही ती एकत्र मांडणार आहोत. तोंडी तक्रारी पुरे झाल्या, कागद पाठवा.